यारेतेची ऊब

१

तिकडे दक्षिणेच्या उंच डोंगरांत जून म्हणजे ऐन हिवाळा. आभाळ निवळलं, की गावातली सगळी माणसं बटाट्यांच्या टोपल्या घेऊन खालच्या माळावर उतरत. संध्याकाळी बारके बटाटे गवतावर पसरायचे, रात्रीच्या थंडीला ते दगडासारखे करू द्यायचे आणि सकाळी उन्हं आली की अनवाणी पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढायचं. असे काही दिवस गेले की त्यांचा चुन्यो होतो. काळा, हलका, पोराबाळांच्या वेळेपर्यंत टिकणारा. ज्याच्या घरात चुन्यो आहे त्याला दुष्काळाची भीती नाही, असं तिकडची माणसं म्हणतात आणि ते खोटं नाही.

थंडी त्या माळावर पाण्यासारखी येते. रात्र पडली की ती डोंगरावरून उतारानं ओघळत खाली येते आणि खोलगट जागी साचते. कुठं ती घोट्याएवढी साचते आणि कुठं कंबरभर, हे गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. बासिलियाच्या सासरची जागा माळाच्या ऐन मध्यात, सगळ्यांत खोल. तिथं बटाटा गोठला नाही असं कधी झालंच नव्हतं.

त्या सकाळी ती नेहमीसारखी घागरा वर खोचून तुडवायला लागली. टाचेखाली बटाटे करकरत होते. तळपाय आधी झोंबले, मग बधिर झाले, तेही नेहमीचंच. शेजारच्या जागेवर पेत्रोना तुडवता तुडवता कोणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढत होती. आणि मध्येच बासिलियाच्या पायाला मऊ लागलं.

तिनं खाली पाहिलं. भोवतालचं सगळं गवत पांढरं, आणि मध्ये एक गोल तुकडा हिरवा. त्यातले बटाटे नुकते जमिनीतून काढल्यासारखे ओलसर, कच्चे. आणि तळपायाला ऊब लागत होती. एखादं जनावर बसून नुकतंच उठून गेलं की जमीन लागते तशी.

कळपातला लामा येऊन बसला असेल रात्री, तिनं मनाशी म्हटलं. पण लेंडी नव्हती, केस नव्हता, गवतही दबलेलं नव्हतं.

"काय गं, थांबलीस का? काटा मोडला?" पेत्रोनानं हाक मारली.

"हो, काटाच."

तिनं घाईघाईनं ते कच्चे बटाटे गोठलेल्यांच्या खाली सारले आणि त्यावर उभी राहिली. यात लपवण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. बटाटे गोठले नाहीत, हा काही कोणाचा गुन्हा नाही. पण तो गोल केवढा आहे, हे तिला न मोजता कळलं होतं. तेवढाच एक खड्डा तिनं त्याच आठवड्यात, वरच्या उतारावर, स्वतःच्या हातांनी माती लोटून बुजवला होता.

२

माळाच्या वरच्या उतारावर यारेता होती, जमिनीला चिकटून वाढणारं झुडूप. लांबून पाहिलं तर हिरवी मखमल पांघरलेला धोंडा वाटावा. जवळ जाऊन हात लावला तर दगडाइतकी घट्ट, चिकट, आणि इवल्या इवल्या पानांची वीण इतकी दाट की त्यात सुई शिरणार नाही. माणसाच्या जन्मात ती बोटभरही वाढत नाही. पण तिच्या पोटात ऊब असते. आजूबाजूला काही उगवत नाही तिथं तिच्या अंगावर दुसरी रोपटी येऊन राहतात, तिच्या खालची माती वाऱ्यानं उडत नाही की पाण्यानं वाहत नाही. हिमवादळात जन्मलेलं पिल्लू गावकरी तिच्या आडोशाला आणून ठेवत आणि ते जगायचं.

तिच्या कडेचा वाळलेला, तपकिरी भाग मोडून न्यावा, तो जाळावा, त्याला कोणाची ना नव्हती. गाभ्याला मात्र कोणी हात लावत नसे.

बासिलियाच्या घरी नातवाचं जावळ होतं. मुलगी रुफिना शहरातून बाळाला घेऊन येणार, बरोबर तिच्या सासरची माणसं येणार. आणि मागच्या बर्फात बासिलियाचे निम्मे लामा मेले होते. लामाच नाहीत तर जाळायला लेंड्या कुठल्या? नवरा खाणीवर, तो सणापुरताही उगवायचा नाही. शहरातली व्याही मंडळी आपल्या घरात येऊन कुडकुडतील, परत जाऊन चारचौघांत सांगतील, ह्या विचारानं तिची झोप उडाली. गरिबीची लाज वाईटच. तिच्यापायी माणूस त्याहून मोठी लाज पदरात घेतो आणि त्या वेळी ते त्याला कळतही नाही.

एका धुळीच्या वाऱ्याच्या संध्याकाळी ती कुदळ घेऊन वर गेली आणि यारेता गाभ्यासकट खणून काढली. तुकडे शालीत बांधून घरी नेले, परत येऊन खड्ड्यात माती आणि दगड लोटले. जवळच राखणदाराची झोपडी होती. तिचं दार बंद होतं. निदान तिला तसं वाटलं.

राखणदार म्हणजे तोरिबियो. बायको मेलेला, मूलबाळ नसलेला, हळू बोलणारा माणूस. लोकांचे बटाटे राखायचा आणि लोक देतील ते खायचा. त्याच्या झोपडीत कोणीही डोकावलं तरी त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "दार लाव, ऊब जाते." पोरं त्याच्या ह्या वाक्याची नक्कल करत आणि तोही हसायचा. रुफिनाच्या जावळाची पहिली बट त्यानंच कापली होती. त्या दिवसापासून तो रुफिनाचा पाद्रिनो, म्हणजे मानलेला बाप, आणि बासिलियाचा कोम्पाद्रे झाला आणि ती त्याची कोमाद्रे. तिकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वर धरतात. दर ऑगस्टमध्ये ती उलट्या पिळाचा तांबडा दोरा कातून त्याच्या मनगटावर बांधायची. गाठ तिची, तिच्या आईनं शिकवलेली, गावात दुसऱ्या कोणाला न येणारी.

खड्डा दुसऱ्याच दिवशी दिसला. गाव जमलं. गावप्रमुख ताता सातुर्निनो मध्ये उभा राहिला.

"राखणीला तू होतास ना, तोरिबियो?"

"होतो, ताता."

"मग कोणी नेली?"

तोरिबियोनं खाली पाहिलं. "वारा फार होता. धूळ होती. मला दिसलं नाही."

"वारा काय कुदळ घेऊन आला होता?" कोणीतरी मागून बोललं आणि लोक हसले.

"राखणदाराला दिसलं नाही म्हणजे राखणदारानंच केलं," सातुर्निनो म्हणाला. "नाहीतर बोल. नाव घे."

तोरिबियोनं मान वर केली. बासिलियाच्या तोंडाकडे त्यानं पाहिलं नाही, तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत यारेतेचा डिंक होता, काळा, घासूनही न निघालेला. तिनं हात शालीखाली घेतले.

"मला दिसलं नाही," तो पुन्हा म्हणाला.

तेव्हा ठरलं, की हा हिवाळा सरेपर्यंत तोरिबियोला कोणी विस्तव द्यायचा नाही, जळण द्यायचं नाही, चुलीजवळ बसायला जागा द्यायची नाही. ही तिकडची जुनी शिक्षा. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. फक्त ऊब बंद.

बासिलिया सगळ्यांबरोबर उभी होती आणि सगळ्यांनी मान हलवली तेव्हा तिचीही हलली.

३

"जाळ दिसतोय," म्हातारी म्हणाली, "पण धग कुठाय?"

म्हातारी म्हणजे बासिलियाची सासू मेल्चोरा. तिला सगळे आविचा, म्हणजे आजी, म्हणत. चुलीला पाठ लावून बसायची आणि दिवसभर सूत काढायची.

"वय झालं तुमचं, आविचा. हाडात शिरते थंडी."

"हाडं काल म्हातारी झाली व्हय माझी? लेंड्या जळत होत्या तेव्हा बरी होते की मी."

बासिलियानं आणखी एक तुकडा सारला. यारेता जळते तेव्हा तडतडते, चुरचुरते, डिंक उकळून फुसफुसतो. घरात त्या आवाजानंच निम्मी ऊब येते. ही जळत होती पण आवाज नव्हता. पिवळाधमक जाळ, हात जवळ नेला तर भिंतीवरचं ऊन बघावं तसं. तिनं बोट आणखी आत नेलं. बोट भाजलं, फोड आला, पण ऊब लागली नाही.

छपरात भोक पडलं असेल. लाकूड ओलं असेल. ओलं लाकूड असं जळत नाही, हे तिला कळत होतं.

सकाळी चुलीशेजारच्या मडक्यात पाण्यावर बर्फाची साय धरलेली होती. चुलीमागच्या भिंतीवर, जिथं वर्षानुवर्षांची काजळी होती, तिथं पांढरं हिम फुटलं होतं. तिनं ते फडक्यानं पुसून काढलं. पुसताना तिला तोरिबियोची आठवण आली. त्याच्या झोपडीत तर चूलच पेटत नसेल. तिनं फडकं पिळलं, बाहेर टाकलं आणि बटाटे तुडवायला गेली. तिनं तोंड उघडलं असतं तर संध्याकाळी सुटला असता तो. एवढंसं काम. पण पाहुण्यांना निरोप गेला होता, आणि जावळ झालं की सांगू, असं तिनं ठरवलं. आधी एकदा असं ठरवलं की माणूस रोज तेच ठरवतो.

४

गोल जागेवरून हलला होता.

त्या सकाळी तो तिच्या बटाट्यांच्या कडेला होता, उताराच्या बाजूला. आदल्या जागचे बटाटे आता मुकाट गोठले होते. नव्या जागी हिरवळ होती, आणि तिच्या भोवती बारक्या दगडांची गोल रांग. कोणी बसून मांडावेत तसे दगड. थंडी जमिनीतून दगड वर उचलते, मातीखाली बर्फाच्या सुया उगवतात आणि खडे कडेला लोटतात. हे सगळं तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. त्याला वर्षं लागतात, हेही तिला माहीत होतं.

त्यानंतरच्या सकाळी तो बटाटे सोडून उताराच्या पायथ्याशी गेला. तिचा चुन्यो आता नीट होणार होता, काळजी मिटली होती. तरी ती टोपली घेऊन तशीच उभी राहिली. पांढऱ्या हिमातून ते हिरवे गोल एकामागे एक दिसत होते. तिच्या जागेपासून निघून पायथ्यापर्यंत गेलेले. मागचे गोल तिच्या डोळ्यांदेखत पांढरे पडत होते आणि पुढचा तेवढा हिरवा होता. त्याच्या सरळ वर तोरिबियोची झोपडी होती.

चोराच्या मनात चांदणं, तिनं स्वतःला दटावलं. जमिनीखालून झरा वाहत असेल. कोमट झरे असतात डोंगरात.

झरे चढावर वाहत नाहीत.

"पाहिलंस का?" पेत्रोना तिच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. बासिलिया दचकली. पण पेत्रोना गोलांकडे बघतच नव्हती, वर झोपडीकडे बोट दाखवत होती. "तोरिबियोच्या छपरावर हिम बसत नाही. अख्खं गाव पांढरं आणि त्याचं छप्पर कोरडं. धूर तर दिसत नाही. कोणीतरी चोरून विस्तव देतंय त्याला."

"मला काय माहीत?"

"तुला नाही तर कोणाला? कोमाद्रे तू त्याची." पेत्रोना डोळे मिचकावून हसली. "पोटात माया आली असेल हो. मी नाही सांगत कोणाला."

"मी कशाला देऊ चोराला विस्तव?" बासिलिया एवढ्या जोरात बोलली की चार जागांपलीकडची माणसं तुडवायची थांबली. "गावाची यारेता खणली त्यानं. त्याला मी कोमाद्रे नाही आणि कोणी नाही!"

"बरं बाई, थट्टा केली," एवढंच म्हणून पेत्रोना निघून गेली.

चोर हा शब्द बासिलियाच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. तो इतका सहज निघाला, आणि लोकांना इतका पटला, की तिच्या कानाच्या पाळ्या जळायला लागल्या. त्या सकाळी तिच्या अंगात तेवढीच एक ऊब होती.

५

जावळाच्या आदल्या दिवशी जळण संपलं. दिवसरात्र जाळूनही घर थंडगार होतं. म्हातारी खोकत होती, सूत काढणं तिनं सोडलं होतं. रुफिना बाळाला घेऊन येऊन पोचली, तिनं बाळाची दुपटी सोडली नाहीत आणि आईकडे नुसतं बघितलं. तिची सासरची माणसं सकाळी यायची होती.

"आई, तोरिबियो पाद्रिनो दिसला नाही," रुफिना म्हणाली. "माझी बट त्यानं कापली, बाळाची पण त्यानंच कापावी. त्याला सांगितलंस ना?"

बासिलिया उठली. मडक्यात चुलीतले निखारे घेतले, वर राख घातली, शाल पांघरली.

"सांगून येते," ती म्हणाली.

आणि ती खरंच सांगायला निघाली होती. वाटभर ती शब्द जुळवत होती. कोम्पाद्रे, मीच नेली. तुम्ही पाहिलंत मला. पाहूनही नाव घेतलं नाहीत. उद्या सगळ्यांसमोर सांगते, नातवाच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. सूर्य डोंगराला टेकला होता. उतारावर हिरवे गोल आता नव्हते. होता तो शेवटचा एकच. तो झोपडीच्या उंबऱ्यात होता, अर्धा बाहेर, अर्धा दाराखालून आत गेलेला.

"कोम्पाद्रे?"

तिनं दार ढकललं आणि ऊब तिच्या अंगावर आली. कित्येक दिवसांत न लागलेली, ओल्या मातीच्या आणि डिंकाच्या वासाची ऊब. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. ती दारातच उभी राहिली आणि वाट पाहू लागली, की आता तो म्हणेल, दार लाव. कोणी काही म्हणालं नाही. तिनं स्वतःच दार लोटून घेतलं.

आत चूल थंड होती. राखेवर हिमाचा थर होता, चुलीला कित्येक दिवस कोणी हात लावलेला नव्हता. कोपऱ्यात त्याची कुदळ. दगडी ओट्यावर त्याचं अंथरूण, त्यावर त्याचा अंगावर घ्यायचा लोकरीचा पोंचो पसरलेला. पोंचोखाली काहीतरी होतं. कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन माणूस झोपतो तेवढं.

"कोम्पाद्रे, झोपलात?"

तिनं पायाकडचं टोक उचललं. खाली हिरवं होतं. दाट, घट्ट, इवल्या पानांची वीण. तिनं हात ठेवला. चिकट लागलं आणि गरम लागलं, दुभत्या जनावराच्या पोटासारखं. हाताखाली ते किंचित वर आलं आणि खाली गेलं. आपलीच नाडी आहे ही, तिनं स्वतःला सांगितलं. चढ चढून आलोय आपण.

मग एकाएकी तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि ती चक्क हसली.

म्हणजे यानंही नेली होती! दुसरी कुठली तरी यारेता, वरच्या खिंडीतली असेल, अख्खी खणून आणून अंथरुणात दडवून ठेवली. म्हणून छपरावर हिम नाही. म्हणून तो सभेत गप्प बसला, आपल्यावरच्या दयेपोटी नव्हे, स्वतःच्या पापापोटी. आणि आता गाव सोडून खालच्या दरीत पळाला. न्याय चुकलेला नव्हता. तो चोर होताच. म्हणजे कोणाला काही सांगायची गरजच नव्हती. सुंठीवाचून खोकला गेला.

इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

त्याचा पोंचो इथंच आहे, हे तिला दिसत होतं. जूनच्या थंडीत पोंचो टाकून दरीत कोणी उतरत नाही. टोपीही खुंटीला होती. पोंचोचं उशाकडचं टोक तिनं उचललं नाही. ते का उचललं नाही, हे तिनं स्वतःला विचारलंही नाही. पोंचो तसाच राहू देऊन तिनं सगळं त्यातच गुंडाळलं, बाहेर ओढलं आणि त्याचीच कुदळ घेऊन, नजर डोंगराकडे ठेवून, घाव घातले. आवाज काहीच आला नाही. डिंक मात्र खूप आला, आणि तो कोमट होता.

निखाऱ्यांचं मडकं तिथंच राहिलं. निघताना तिनं त्यात बघितलं तेव्हा नुसती राख उरली होती.

६

जावळ थाटात झालं. असा जाळ गावानं कधी पाहिला नव्हता. जळण तडतडत होतं, फुसफुसत होतं, खोली अशी तापली की शहरातल्या व्याह्यांनी कोट काढून ठेवले. किन्व्याचं कालवण झालं, चुन्यो झाला, मक्याची दारू, चिचा, फिरली. बाळाच्या केसाची पहिली बट ताता सातुर्निनोनं कापली, कारण तोरिबियोचं काय झालं ते बासिलियानं सगळ्यांना सांगितलं होतं. झोपडीत यारेता सापडली. माणूस पळाला.

"बघा," सातुर्निनो चिचेचा घोट घेऊन म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? पंचांचं तोंड उगाच उघडत नाही."

"तुझे उपकार झाले, बासिलिया," कोणी म्हणालं. "कोम्पाद्रे असून पाठीशी घातलं नाहीस."

बासिलिया हसली. रुफिना तेवढी हसली नाही. ती बाळाला घेऊन कोपऱ्यात बसली होती आणि आईच्या हातांकडे बघत होती. नखांत पुन्हा डिंक होता.

म्हातारी चुलीला पाठ लावून बसली होती. तिचे गाल कित्येक दिवसांनी तांबूस झाले होते. "आता कसं," ती डोळे मिटून म्हणाली, "घरात माणूस आल्यासारखं वाटतंय."

जाळ बसत आला तेव्हा बासिलियानं पोत्यात हात घातला. शेवटचा तुकडा राहिला होता, मनगटाएवढा. हातात आल्यावर तिला त्याच्यावर कसला तरी वळ लागला. तिनं तो उजेडात धरला. हिरव्या सालीत, आत, पार गाभ्यापर्यंत रुतलेला तांबडा दोरा होता. भोवती लाकूड वाढून वाढून घट्ट झालं होतं, जसं वाढायला माणसांच्या कित्येक पिढ्या जाव्या लागतात. उलट्या पिळाचा दोरा. गाठ तिची होती.

आता. आता बोलायचं. खोली भरलेली होती, सगळं गाव होतं, शहरातले पाहुणे होते. तिनं तोंड उघडलं.

"टाक की गं," पेत्रोना म्हणाली. "विझतोय जाळ. पाहुण्यांना थंडी वाजेल."

सगळे तिच्याकडे बघत होते. हात चुलीकडे धरून, हसऱ्या तोंडांनी, वाट बघत. बासिलियानं दोऱ्यावर अंगठा दाबून धरला, कोणाला दिसू नये म्हणून, आणि तो तुकडा चुलीत ठेवला.

जाळ उसळला. लोकांनी वा वा केलं. तिचा चेहरा कपाळापासून गळ्यापर्यंत लाल झाला, आणि सगळ्यांना वाटलं, धगीनं झाला.

तेवढ्यात वाऱ्यानं दार उघडलं. थंडी आत शिरली, जाळ वाकला, आणि बोलणी थांबली. त्या शांततेत चुलीपाशी कोणीतरी हळू आवाजात बोललं. रागानं नाही. नेहमीसारखं.

"दार लाव, कोमाद्रे. ऊब जाते."

खोलीत तिला कोमाद्रे म्हणणारं कोणी नव्हतं. लोकांनी इकडेतिकडे पाहिलं, कोण बोललं म्हणून. रुफिनानं बाळाला छातीशी आवळलं. मग एकेक करून सगळ्या माना बासिलियाकडे वळल्या, कारण सांगितलं तिला होतं.

बासिलिया उठली आणि तिनं दार लावलं.